गुडघ्याएवढा पडदा

अंधेरी, आंबोली
ता. ९ नोव्हेंबर १९५३

शुभाच्या बाबांस नमस्कार.

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका. कोणी मेलेलं नाही. कामाचं पत्र आहे.

पाकिटावर तुमचं नाव आणि हुबळीच्या नाटक कंपनीचा पत्ता शेजारच्या विमलाने घातलाय. आतलं मी लिहिते. ती म्हणाली, मावशी, दोन इयत्ता शिकलात त्या नवऱ्याचं नाव सोडून बाकी सगळं लिहायला काय? मी म्हटलं हो, त्यासाठीच. तुझं लग्न झालं की तुला कळेल. आता अक्षर नीट काढ, तिकडचा पोस्टमन कानडी असणार.

मी आता मार्तंडराव मंडपवाल्यांच्या शेडमध्ये शिवणकाम करते. मरोळच्या रस्त्याला, ताडाच्या झाडांपलीकडे. लग्नाच्या कनाती, सभांचे शामियाने, गणपतीच्या झालरी. माझं बरं चाललंय. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

तर काम असं. मार्तंडरावांना ब्रिस्टलचे पडदे शिवायला मिळाले. ब्रिस्टल म्हणजे फोर्टातलं तुमचंच ब्रिस्टल ऑपेरा. जिथे बोलपटाचं पांढरं कापड ताणलं आणि तुम्हाला हातात टोपी देऊन बाहेर काढलं, ते. आता ते पांढरं कापड उतरवलंय. नवे मालक आलेत, ते म्हणतात थेटर होतं तसं करायचं. सज्जांवरची सोनेरी फुलं घासून काढतायत, छत रंगवतायत. गुढीपाडव्याला पहिलं नाटक आहे. दर्शनी पडदा लाल मखमलीचा, आणि तो आम्ही शिवणार. आम्ही म्हणजे मी आणि चार बाया.

ऐकून ठेवावं म्हणून कळवलं. दुसरं काही नाही.

शुभाच्या लग्नानंतर मी तुम्हाला 'येऊ नका' असं लिहिलं होतं. ते मात्र तुम्ही पाळलंत. आयुष्यात एवढा एकच शब्द पाळलात माझा. मिलमध्ये टिकून राहा म्हटलं, नाही राहिलात. गणपतीला तरी दरवर्षी या म्हटलं, तर वर्षाआड आलात. मुलीच्या लग्नाला दोन दिवस आधी या म्हटलं, तर आलातच नाही. भटजी अंतरपाट धरून उभे, आणि सगळे मला विचारतायत मुलीचे वडील कुठे. कन्यादान माझ्या भावाने केलं, गुणाजीने. तुम्ही सांगलीला दुसऱ्यांचा पडदा ओढत होतात.

म्हणून लिहिलं, येऊ नका. अहो, बायको 'येऊ नका' लिहिते तेव्हा माणसाने मिळेल ती गाडी पकडायची असते. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? एवढ्या नाटकांचे पडदे ओढलेत, त्यात एकही बायको नव्हती?

जाऊ दे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद असं शेवटी लिहायचं असतं. इथे मोठं कोणी उरलं नाही, लहान कोणी घरात नाही. ते वाचलं.

शुभाची आई


अंधेरी
ता. २१ डिसेंबर १९५३

शुभाच्या बाबांस नमस्कार.

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती.

मखमल आली. केवढे तागे. शेडमध्ये दोन बाया बसायच्या जागी आता मखमल बसते. तिची लव नाकातोंडात जाते, सारख्या शिंका. घरी गेले तर विमला म्हणते, मावशी, कुंकवात आंघोळ केलीत काय. हाताने खालपासून वर कुरवाळली तर कापड काळपट दिसतं, वरून खाली कुरवाळली तर लालभडक. दिवसभर तेच करावंसं वाटतं. मार्तंडराव ओरडतात, बाई, मांजर नव्हे ते, कापा.

परवा आम्हाला मापं घ्यायला ब्रिस्टलला नेलं होतं. श्यामसुंदर म्हणून इंजिनेर आहेत, रंगमंचाची सगळी यंत्रं तेच बसवतात. दिवे नवे, कप्प्या नव्या, दोरही नवे. माणूस भला आहे, पण चालताना बोलतो आणि बोलताना चालतो, मागे पळावं लागतं. त्यांनी दाखवलं, विंगेत इथे एक विलायती मोटार बसणार. बटण दाबलं की पडदा वर, बटण दाबलं की पडदा खाली. पोरसुद्धा दाबील म्हणाले.

मी मान वर करून बघितलं. तुमचा माळा तसाच आहे. लाकडी शिडी तीच. मी नवी नवरी होते तेव्हा तुम्ही मला त्या माळ्यावर नेऊन बसवलं होतं, आठवतं का? खाली नाटक चाललेलं आणि मला नटांच्या डोक्यांवरचे टोप तेवढे दिसत होते. हिरव्या शालूतल्या राणीचा टोप मागे सरकला तेव्हा ती मला वरून टकली दिसली. राणी म्हणजे बाप्या होता ते मला ठाऊक नव्हतं. मी हसले, तर तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. दोराने सोललेला हात. तेवढं एक नाटक मी ब्रिस्टलला पाहिलं, आणि तेही मागून. पडद्याचं अस्तर मला पाठ आहे. मखमलीची बाजू मी कधी बघितलीच नाही.

आणि तिसरी घंटा झाली की तुम्ही पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचात. मग दोर. आधी पडदा गुडघ्याएवढा उचलायचात आणि धरून ठेवायचात. एक श्वास. मग सरसर वर. बाकीच्या थेटरांत असं कोणी करत नव्हतं. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, देवळात माणूस आधी पायच बघतो ना? आधी पाय दिसू देत. लोक आपोआप गप्प होतात.

मी श्यामसुंदर साहेबांना विचारलं, तुमच्या मोटारीला गुडघा कळतो का? ते म्हणाले, बाई, कसला गुडघा? मग मी सगळं सांगितलं. ते चालता चालता थांबले. म्हणाले, नाही, मोटारीला एकच चाल. सुरू झाली की टोकाला जाऊन थांबते.

मला काय. मला पडदा शिवायचा आहे.

शुभाची आई


अंधेरी
ता. २ फेब्रुवारी १९५४

शुभाच्या बाबांस नमस्कार.

हे पत्र वाचून फेकू नका, नीट वाचा.

ती विलायती मोटार गोदीत अडकली. कसला तरी कागद तिकडूनच चुकलाय. पाडव्याच्या आत सुटत नाही, पावसाळ्यापर्यंतसुद्धा सुटेल का सांगवत नाही म्हणतात. तोवर पडदा हाताने ओढायचा. पण हाताने ओढणारा आणायचा कुठून? बोलपट आल्यापासून सगळी माणसं पांगली. कोणी मिलमध्ये, कोणी गावी, कोणी मसणात. नव्या पोरांनी ओढून बघितला. अर्ध्यावर तिरका झाला आणि वरची दांडी भिंतीला आपटली.

कापडाचा तुकडा दाखवायला मी आणि मार्तंडराव गेलो होतो. श्यामसुंदर साहेब डोकं धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "बाई, तुम्ही ते गुडघ्याचं सांगत होतात. तो माणूस आहे का हयात?"

मी म्हटलं, आहे. हुबळीला असतात.

"नाव काय त्यांचं?"

आता बघा. समोर साहेब पेन्सिल घेऊन. बाजूला मार्तंडराव. शिडीवर दोन वायरमन. मार्तंडरावांना तुमचं नाव ठाऊक नाही, मी कधी सांगितलेलं नाही. कामावर मी वनमालाबाई, तेवढंच. मी म्हटलं, शुभाचे बाबा.

साहेब म्हणाले, "शुभाच्या बाबांना नाव असेल ना काहीतरी?"

मार्तंडराव लागले हसायला. म्हणाले, "साहेब, मालक आहेत ते बाईंचे. बाई, उखाण्यात घ्या. आम्ही कान झाकतो." शिडीवरचे वायरमनही काम टाकून ऐकायला लागले.

लग्नातला उखाणा तोंडात आला. तुळशीपुढे दिवा नि दिव्यापुढे रांगोळी, तोच. आला आणि घशात बसला. मला माझाच राग आला. पाच वर्षं ज्या माणसाचं तोंड बघितलं नाही, त्याचं नाव न घेण्याचा मान मी कोणासाठी सांभाळते? लोकांच्या बायका आता रस्त्यात नावाने हाक मारतात नवऱ्याला. पण जीभ उचलेना. साहेबांची पेन्सिल तशीच. शेवटी मी म्हटलं, उद्या लिहून आणून देते, आणि तिथून चालू लागले. मागे मार्तंडराव काहीतरी बोलले, लोक हसले.

घरी येऊन विमलाकडून चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी तुमच्या कंपनीला पत्र घातलंय, माणूस पाठवा म्हणून.

ते आलं असेल. त्यात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. मी एवढंच लिहिते की बोलावणं ब्रिस्टलचं आहे. माझं नाही. माझ्यासाठी यायचं असतं तर तुम्ही कधीच आला असतात. ब्रिस्टलसाठी या. मोटार आली की हा पडदा पुन्हा कधी गुडघ्यापाशी थांबणार नाही. एकदा शेवटचा ओढून जा. अंधेरीला आलं पाहिजे असं काही नाही.

शुभाची आई


अंधेरी
ता. ५ मार्च १९५४

शुभाच्या बाबांस नमस्कार.

श्यामसुंदर साहेबांना विचारलं. ते म्हणाले हुबळीहून उत्तर नाही. आणखी आठ दिवस बघतो, नाहीतर सर्कशीतला माणूस मिळतोय. सर्कशीतला! तो काय वाघाचा पिंजरा उघडल्यासारखा उघडणार.

मला वाटलं होतं निदान 'येत नाही' एवढं तरी लिहाल. कार्डावर मावतं ते.

शुभा आली आहे मुलुंडहून. राहायला. का आली ते लिहीत नाही. तुमची मुलगी आहे, तुम्ही विचारायला हवं होतं. बरी आहे. चिंचा खाते.

तिने काल मला पकडलं. मी तिच्या लहानपणची गोधडी उसवत होते. ब्रिस्टलचा जुना पडदा उतरवला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी तुकडे फाडून घेतले होते, त्यातला तुम्ही घरी आणलेला कोपरा मी त्या गोधडीत मध्ये घातलेला. शुभा त्याच्यावर गाल ठेवून झोपायची. ती म्हणाली, आई, एवढी जपून ठेवलेली, आणि आता उसवतेस? मी म्हटलं, तुकडा कामाला हवाय. कसल्या कामाला? म्हटलं, गप बस, तुला उठबस करायला सांगितली आहे डॉक्टरीणबाईंनी, ती कर.

त्या तुकड्याला एका जागी लव उरलेलीच नाही. नुसता ताणा दिसतो. किती वर्षं हात लावलात हो तिथे? माझ्या अंगाला एवढा हात लागला नाही तुमचा.

हे खोडणार होते. राहू दे. शाई वाया जाते.

शुभाची आई


अंधेरी
ता. २६ मार्च १९५४

पडदा गेला. सकाळी लॉरी आली. आठ गडी लागले उचलायला, तरी त्यांच्या शिव्या आंबोलीपर्यंत ऐकू आल्या असतील. शेड आता ओसाड दिसते. जमिनीवर लाल धूळ तेवढी. झाडते, तरी दुसऱ्या दिवशी कुठून तरी येते.

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. यापुढे मी लिहिणार नाही.


अंधेरी
ता. ५ एप्रिल १९५४

हे पत्र हुबळीला जाणार नाही. ब्रिस्टलला जाणार.

काल शिवणाऱ्या बायांना पास दिले होते. शुभा म्हणाली, आई, जा, विमला आहे माझ्याजवळ. हिरवं लुगडं नेसले. जागा मागची, सज्जाखाली, खांबाच्या बाजूला. पण समोरून. आयुष्यात पहिल्यांदा समोरून. सगळे दिवे लागलेले आणि पुढे हा पडदा. मी शिवला आहे, टाका न् टाका माझ्या ओळखीचा, पण असा उभा कधी बघितला नव्हता. शेडमध्ये तो झोपलेलाच असायचा. अहो, मला तो माझा वाटेना. मोठ्या घरी दिलेल्या मुलीसारखा लांबचा वाटला.

शेजारी एक जाडे गृहस्थ बसलेले, बायकोला सगळं समजावून सांगत होते. म्हणाले, आता हे सगळं विजेवर चालतं.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. मी मनात म्हटलं, आता सर्कशीतला येणार. तिसरी झाली. दिवे गेले.

पडदा हलेना.

लोक थोडे खाकरले. कोणीतरी शिटी मारली. जाडे गृहस्थ म्हणाले, मोटार बिघडली वाटतं. मी तुमच्या डाव्या, म्हणजे समोरून उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. खाली कोपऱ्यात मखमल जराशी दबलेली होती. आतून कोणीतरी हात ठेवल्यावर दबते तशी. आणि ती तशीच राहिली. कपाळाला हात लावायला एवढा वेळ लागत नाही.

त्या कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूने, खालच्या दुमडीत मी तुमचा जुना तुकडा शिवला होता. तुम्हाला कळवलं नाही. मार्तंडरावांनाही नाही. न येणाऱ्या माणसाला कशाला कळवायचं? लव गेलेली बाजू वर ठेवली होती, बोटांना लागेल अशी. दुसऱ्या कोणाच्या बोटांना ते साधं ठिगळ लागलं असतं. सर्कशीतल्याने विचारसुद्धा केला नसता.

आणखी एक शिटी झाली. मग कोपरा सुटला. पडदा गुडघ्याएवढा वर गेला आणि थांबला.

पाय दिसले. सात-आठ जणांचे, पैंजण घातलेले, जोडे घातलेले. सगळं थेटर गप्प झालं. जाडे गृहस्थसुद्धा. मी श्वास घेतला नाही, कारण तो तुम्ही घेत होतात.

मग सरसर वर.

पुढे नाटकात काय झालं मला विचारू नका. पहिल्या अंकाचा पडदा पडला तशी मी उठले आणि बाहेरून फिरून मागच्या दाराला गेले. तिथे पहारेकरी, आपल्याच मुलखातला, कणकवलीकडचा. मी म्हटलं, पडदेवाल्याला भेटायचंय.

"पडद्यार चार माणसा आसत. कोण होयो?"

म्हटलं, मोठे आहेत ते. हुबळीचे.

"नाव सांगा, बाय. नावाशिवाय भितुर सोडूक गावाचा नाय."

त्याच्यामागे दोन-तीन नट विड्या ओढत उभे. मी उखाणा शोधला नाही. म्हटलं, "काशीराम. काशीराम परब. नवरा आहे माझा."

जीभ झडली नाही. वीजही पडली नाही. एक नट विडी टाकून बाजूला झाला, मला वाट दिली, एवढंच.

पहारेकरी मऊ झाला. म्हणाला, तीन दिस झाले त्येंका येवन. वरच निजतत, माळ्यार. परवा माका आंबोलीची वाट इचारल्यानी. टेशनापर्यंत गेले, आणि परत इले. मी त्याला विचारलं, परत का आले? तो म्हणाला, मी पण तांच इचारलंय. म्हणाले, घरातून येऊ नको म्हणून लिवलेला आसा.

अहो, पाच वर्षांपूर्वीचं लिहिणं ते! ते मात्र पाठ. आणि मी हिवाळ्यापासून एवढी पत्रं घातली, त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही?

मी शिडीपाशी गेले. वर काळोख, दोरांची करकर, आणि तुमचा खोकला. तो खोकला मिलमधला, अजून गेला नाही. हाक मारणार होते. तेवढ्यात दुसऱ्या अंकाची घंटा झाली. हातात दोर असताना तुम्ही सख्ख्या बापाला ओळखत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. नाटकाचे अंक पाच. घरी शुभा वाट बघत होती. मी शिडीच्या खालच्या पायरीला हात लावला आणि परत फिरले.

आता जे आधी लिहिलं नाही ते लिहिते. शुभाला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाक तुमचं आहे, त्याला कोणाचा इलाज नाही. रडते ती थेट तिसऱ्या घंटेसारखी, सगळी चाळ गप्प होते. गोधडी मी पुन्हा शिवली. मध्ये जागा रिकामी होती, तिथे नव्या मखमलीचा उरलेला तुकडा लावला. पोर त्याच्यावर गाल ठेवून झोपते.

गुरुवारी बारसं आहे. गुणाजीला पाळणा मागितला, तो घेऊन येतोय. दोरी नवी आणली आहे, घरातल्या आढ्याला कडी आहेच. ओढायला माणूस नाही. मी ओढते ती झटके देत ओढते, पोर दचकून उठते. शुभा म्हणते, आई, हळू, थांबून थांबून. ते मला जमत नाही, कधीच जमलं नाही.

विमला पाकीट लिहायला आली होती. तिला परत पाठवली. यावरचं नाव माझ्या हातचं आहे. वाकडं आहे, पण पोस्टमनला वाचता येईल. आंबोलीची वाट विचारायची गरज नाही. टेशनातून पश्चिमेला उतरा, सरळ या, विहीर लागली की डावीकडे तिसरं दार. दाराला पडदा आहे, लाल.

आणि मागच्यासारखंच बजावून लिहिते. गुरुवारी घरी येऊ नका.

वनमाला